क्रीममध्ये काळा आला कुठून

ताईनं माझ्या हातातला डबा ओढून घेतला, स्क्रू-ड्रायव्हरनं झाकण उचकटलं आणि आत नाकच घातलं.

"रंगाचा वास येणार, दुसरं काय येणार," मी म्हटलं.

"कधी भरला हा?"

"परवा. अकरा-साडेअकराला."

"अकरा की साडेअकरा?"

ही माझी मोठी बहीण. तिच्याबद्दलच लिहायला बसलेय, तर आधीच सांगते, ही बाई कशावरही विश्वास ठेवत नाही. लोक तोंड पोळल्यावर ताक फुंकून पितात. ही न पोळताच पाणी फुंकून पिते. गोळ्यांची नवी पट्टी आणली की मोजते. मी पोचले म्हणून फोन केला की म्हणते, आजूबाजूचा आवाज ऐकव. तिला एक मुलगा बघायला आला होता. तो चहा संपवेपर्यंत हिनं आत जाऊन त्याच्या ऑफिसात फोन लावला, की हा खरंच तिथं कामाला आहे का. तो होता. तरी लग्न जमलं नाही. आई म्हणते, हिच्याशी लग्न करणाऱ्याला आधी जामीनदार आणावा लागेल.

पण तिचं पोट याच खोडीवर चालतं. गावाच्या टोकाला एक छोटा कारखाना आहे, तिथं रंग मिसळायच्या मशीन बनतात. ताई तिथं वायरी जोडायला लागली आणि जोडता जोडता आतले प्रोग्राम वाचायला शिकली. कुणी शिकवलं नाही. आता तिचं काम एकच. बिघडलेल्या मशीनचा प्रोग्राम वाचायचा आणि चूक शोधायची. कारखान्यात तिला फौजदारीण म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ती ओ देते.

त्यातली एक मशीन आमच्या दुकानात आहे. आमच्या म्हणजे मी जिथं काउंटरला असते त्या रंगाच्या दुकानात. मशीन सोपी आहे. वर बारा भांडी, बारा रंगांची. खाली पांढऱ्या रंगाचा डबा ठेवायचा. गिऱ्हाइकानं कार्डावरची शेड दाखवली की तिचा नंबर दाबायचा. मग कुठल्या भांड्यातून किती थेंब पडायचे ते मशीन बघते. क्रीमला तीन रंग लागतात. करड्याला सहा-सात. नंबर दाबणारे आमचे काका. माझे काका नाहीत, सगळ्या बाजाराचे काका आहेत. नऊ वर्षं त्या मशीनसमोर उभे. मी दुकानात लागले तेव्हा मला कुणी स्टूलसुद्धा दिलं नव्हतं. यांनी स्वतःचं दिलं. त्यामुळे काकांना कुणी बोललं की माझं डोकं फिरतं, हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे.

आणि त्या दोन महिन्यांत सगळे त्यांनाच बोलत होते. क्रीमचे चार डबे उंदराच्या रंगाचे निघाले. चारही काळा पडल्यामुळे. पहिले तीन लोकांनी झाकण उघडलं आणि परत आणले. चौथ्या घरात रंगाऱ्यानं संध्याकाळी दिवे लावून अख्खी खोली मारली. सकाळी घरमालकीण उठली तर भिंती ढगाळ. ती बाई दुकानात आली आणि काकांना म्हणाली, "आजोबा, तुम्हाला क्रीम दिसतं ना?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आमचा मालक वाईट माणूस नाही. पण त्यानं हिशेब असा लावला. डब्यावरच्या चिठ्ठीत शेड बरोबर आहे, म्हणजे नंबर बरोबर दाबला गेला. मशीनच्या बाजूला हातानं थेंब वाढवायची बारा बटणं आहेत. जुन्या भिंतीशी रंग जुळवायचा असला की अंदाजानं एखादा थेंब टाकायला. ती दाबली तर चिठ्ठीत छापून येत नाही. म्हणजे काकांचा हात चुकून काळ्यावर जातोय. झालं. सोमवारपासून मशीनवर दुसरा माणूस, काका गोदामात. गोदामात वीस-वीस किलोचे डबे उचलायचे असतात. काकांना स्वतःचा जेवणाचा डबा उचलताना दोन हात लागतात. म्हणजे मालकानं घरी बसा म्हटलं नाही, पण तेच म्हटलं.

काका काय म्हणाले? "असेल बाबा. वय झालं."

म्हणून मी ताईला आणलं. आणताना एकच सांगितलं, काकांनी काळा टाकलेला नाही.

"तू बघितलंस?"

"मला माहीत आहे."

"म्हणजे बघितलं नाहीस."

ती आली आणि तीन तास रंगाच्या ड्रमवर बसून राहिली. काकांचे हात बघत. मशीनभोवती फिरली, मागं वाकली, बटणांवरून बोट फिरवलं, परत बसली. गिऱ्हाइकांना वाटलं सरकारी तपासणी आहे. एकजण तिला बघून उगीचच पावती मागायला लागला. काकांनी तिला चहा दिला, तर तिनं कपाच्या तळाशी बघितलं. मला लाज वाटली.

"काका, तुम्ही हातानं काळा टाकलात का कधी?" तिनं सरळ विचारलं.

"असेल बाई. वय झालं."

घरी जाताना ती म्हणाली, "मला हे पटत नाही. ज्यानं काही केलेलं नाही तो माणूस आधी भांडतो. हे भांडत का नाहीत?"

"कारण ते सभ्य आहेत. तुला माहीत नसेल ते काय असतं."

"सभ्य माणूससुद्धा 'नाही' म्हणतो. यांच्या तोंडून 'नाही' एकदाही निघालं नाही."

त्या रात्री मी माझं ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जेवले. आई म्हणाली, "एकीचा कुणावर विश्वास नाही, दुसरीचा नको तिथं आहे. दोघींना एकत्र ढवळलं असतं तर एक शहाणी मुलगी झाली असती."

दुसऱ्या दिवशी ताई परत हजर. आज तिनं परत आलेल्या डब्यांच्या चिठ्ठ्या मागितल्या. चिठ्ठीवर नंबर असतो, मशीनच टाकते, एकामागून एक, आणि डबा विकला की तोच नंबर वहीत लिहितात. तिनं विक्रीची वही घेतली, चिठ्ठ्यांचे नंबर घेतले आणि बोट ठेवून जुळवत बसली. मग मला मागच्या दारापाशी बोलावलं.

"एक नंबर वहीत नाही. मशीननं डबा भरलाय, दुकानानं विकलेला नाही. मागच्या महिन्यातला. कुठं गेला?"

मी म्हटलं, "मला काय माहीत."

"तुझा कान लाल झालाय."

माझा कान लहानपणापासून मला दगा देतो. मग मी सांगितलं. त्या दिवशी काका त्यांच्या लेकीकडे गेले होते, दुपारपुरते. मालक बाहेर. घाईतलं गिऱ्हाईक आलं. मशीनला काकांशिवाय कुणी हात लावायचा नाही असा नियम आहे, पण मला येतं, काकांनीच गुपचूप शिकवलंय. मी क्रीमचा नंबर दाबला. उघडून बघते तर उंदीर. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. मी दुसरा डबा करून दिला आणि पहिला मागच्या भंगारात टाकला. कळलं असतं तर मालक काकांनाच बोलला असता, की हिला मशीन का शिकवली.

ताईनं वही मिटली. मग म्हणाली, "म्हणजे काका नसताना, बाजूच्या बटणांना हात न लावता, क्रीममध्ये काळा आला. आणि हे तू काकांना वाचवायला लपवलंस."



"मग मालकाला सांगू या," मी म्हटलं.

"सांग. तू काकांसाठी खोटं बोलतेस हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. तुझी साक्ष चहाबरोबर बिस्किटासारखी. बुडवली की संपली." मग तिनं वही पुढं ओढली. "त्या डब्याच्या अगदी आधी मशीनवर काय झालं होतं?"

हे मला आठवत होतं. घाईतलं गिऱ्हाईक म्हणजे एक नवरा-बायको. त्याला गडद करडा हवा होता, तिला क्रीम. त्यानं करडा सांगितला, मी नंबर दाबला, तोवर ती म्हणाली, "तुरुंगात राहायचं असेल तर आपण वेगळं घर घेऊ." एकही थेंब पडायच्या आत मी रद्दचं बटण दाबलं. मग क्रीम.

"बाकीच्या चारच्या आधी?"

ते काकांना विचारलं. काकांची आठवण जबरदस्त. एका डब्याच्या आधी शाळेचा शिपाई येऊन शेड चुकीची सांगून गेला होता, रद्द. एकाच्या आधी कुणाचातरी फोन आला, रद्द. चारातल्या तीनच्या आधी रद्द. चौथ्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि आठवत नाही असं ते म्हणाले म्हणून ताई पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून जरा बरी वागली. म्हणाली, "आठवत नाही म्हणणारा माणूस कामाचा असतो."

मग मला तिनं समजावलं. मी नववीत शाळा सोडलेली, तरी मला कळलं, म्हणजे तुम्हालाही कळेल. प्रोग्राम प्रत्येक शेडसाठी मशीनच्या मेमरीतली थोडी जागा मागून घेतो. बारा रंगांची बारा घरं. क्रीमला तीन रंग लागतात, तर तो तीन घरांत आकडे लिहितो. उरलेल्या नऊ घरांत कुणी काही लिहीतच नाही. प्रोग्राम धरून चालतो की तिथं शून्य असेल. पण ती जागा काही नवी कोरी नसते. आधी कुणीतरी वापरलेली असते. डबा पूर्ण भरला तर मशीन शेवटी घरं पुसते. मध्येच रद्द केलं तर पुसायचं राहतं. करड्याचे काळे थेंब तिथंच. मग क्रीमला नेमकी तीच जागा मिळाली की क्रीमचे तीन, आणि वर करड्याचा काळा. स्क्रीनवर फक्त क्रीमचे तीन दिसतात. भांडी मात्र बाराही घरं वाचतात.

"पाटी कोरी आहे असं धरलंय," ती म्हणाली, "आणि पाटी कुणी पुसलीच नाही."

"मग झालं की. सापडलं."

"काही सापडलेलं नाही. ही माझी शंका आहे. शंका आणि पुरावा यांत सासू-सुनेइतकं अंतर असतं."

ती कारखान्यात गेली. तिथले साहेब म्हणाले, तीनशे मशीन बाहेर गेल्यात, एकाचीही अशी तक्रार नाही. ताई म्हणाली, "तक्रार नाही, की प्रत्येक दुकानात दोष घ्यायला एखादा काका आहे?" साहेबांना हे आवडलं नाही. त्यांनी तिच्यासमोर चाचणी घ्यायला लावली. मशीन बंद केली, मोठ्यानं दहापर्यंत मोजलं, चालू केली, क्रीम दाबलं. बरोबर आलं. परत बंद, दहा, चालू. परत बरोबर. त्या कारखान्यात हे दहा मोजणं सगळे पाळतात. प्रत्येक चाचणीच्या आधी मशीन बंद करून दहा मोजायचे, म्हणजे मागच्या चाचणीचं काही उरत नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. ताईसुद्धा इतकी वर्षं मोजत होती. इतकी चांगली सवय की तिच्यावर कुणाला शंकाच आली नाही. आणि दुकानात मशीन बंद करतो कोण? भांड्यातले रंग सतत ढवळावे लागतात, नाहीतर तळाशी बसतात. आमची मशीन महिना-महिना चालूच असते.

ताईनं दहा न मोजता वीसदा करून बघितलं. करडा, रद्द, क्रीम. वीसपैकी दोनदा काळा आला. तीच जागा दर वेळी मिळतेच असं नाही. साहेब म्हणाले, दोनदा म्हणजे योगायोग, भांड्याची तोटी गळत असेल. ते मशीन विकणारे, त्यांना गळकी तोटी परवडते. तोटी बदलता येते. प्रोग्राम चुकला म्हटलं तर तीनशे दुकानं.

तेव्हा तिनं सापळा लावला. लाच घेणाऱ्याला पकडायला नोटांना पावडर लावतात ना, तसा. शेड दाबायच्या आधी मशीनची सगळी रिकामी मेमरी एकाच आकड्यानं भरून टाकायची. तिनं सदुसष्ट घेतला. का, तर पन्नासच्या वर थेंब कुठल्याच शेडला लागत नाहीत. म्हणजे सदुसष्ट हा आकडा कुठूनही आला तर तो तिनंच ठेवलेला. आणि तो बाहेर आला, म्हणजे त्या घरात प्रोग्रामनं काहीच लिहिलं नव्हतं. मग योगायोग नाही, तोटी नाही, काका नाहीत.

रविवारी दुपारी दुकान बंद ठेवून हे केलं. मालक, साहेब, काका, ताई आणि मी. भांड्यांतले रंग काढून साधं पाणी भरलं. खाली डब्याऐवजी प्रत्येक तोटीखाली एक असे बारा काचेचे ग्लास. आमच्या घरचे. आईनं मोजून दिले होते आणि मोजून परत घेणार होती, ताई तिचीच मुलगी.

"काका, क्रीम दाबा," ताई म्हणाली.

काकांनी दाबलं. स्क्रीनवर तीन ओळी आल्या. आणि बाराही तोट्या सुरू झाल्या. तीन लगेच थांबल्या. नऊ चालूच. टपटप टपटप, सगळ्या एका तालात, एका वेळी थांबल्या. नऊ ग्लासांत पाणी एका रेषेत.

मालक वाकून प्रत्येक ग्लास बघत गेला. त्यालाही शेवटी शंका आली, माणूस कामातून गेलेला नाही. "हे सदुसष्ट तुम्हीच भरले ना? मग येणारच की."

"मी रिकाम्या जागेत भरले," ताई म्हणाली. "प्रोग्रामनं तिथं शून्य लिहिलं असतं तर माझे पुसले गेले असते. थांबा." तिनं तिच्या लॅपटॉपवर एक ओळ घातली, शेड घ्यायच्या आधी बाराही घरांत शून्य लिहिणारी. मेमरी परत सदुसष्टांनी भरली. ग्लास मी रिकामे केले. "काका, परत."

काकांनी परत दाबलं. तीन तोट्या. बाकीचे नऊ ग्लास कोरडे.

साहेबांनी खिशातून पेन काढलं, परत ठेवलं. "मूळ प्रोग्राम कुणी लिहिला होता?"

"तो माणूस सोडून गेला. पण दहा आपण सगळ्यांनी मोजले," ताई म्हणाली. "मी धरून."

मालकाला माफी मागता येत नाही. त्याच्या घराण्यातच ती मशीन बसवलेली नाही. तो काकांना म्हणाला, "काका, उद्या जरा लवकर या. शाळेची ऑर्डर आहे, तुम्हीच करा." काकांनी मान हलवली आणि खाली बसले. साहेबांनी तीनशे दुकानांना पत्र पाठवायचं कबूल केलं. ताईनं ते पत्र जाताना स्वतः बघितलं, पाकिटावरचे पत्तेसुद्धा.

मला वाटलं होतं ती काकांना निदान सॉरी म्हणेल. ती म्हणाली नाही. मी आठवडाभर तिच्याशी धड बोलले नाही. काकांनी पुढं सव्वा वर्ष मशीन चालवली, एकही डबा परत आला नाही, आणि स्वतःहून निवृत्त झाले.

नंतर एकदा मी त्यांच्या लेकीच्या घरी गेले. काका खिडकीत पेपर वाचत होते, चष्म्याशिवाय. मी म्हटलं, वा. तर म्हणाले, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, त्या रविवारनंतर एकेक करून, सुट्ट्या घेऊन, दुकानात पोटाचं दुखणं सांगून. तुझ्या ताईनं तीन महिन्यांची मुदत दिली होती. नाही केलंत तर मी मालकाला सांगेन म्हणाली, आणि तिनं सांगितलं असतं.

"काय सांगितलं असतं?"

काकांनी पेपरची घडी घातली. ऑपरेशनांच्या आधी दीड वर्ष त्यांना स्क्रीन वाचता येत नव्हती. शेडचे नंबर पाठ, बटणांच्या जागा बोटांना पाठ. पण रंग डोळ्यांना कळेना, म्हणून बाजूची ती हाताची बटणं त्यांनी दीड वर्षात दाबलीच नव्हती. एवढं सांगितलं असतं तर काळ्याच्या आरोपातून तिथंच सुटले असते, आणि का दाबत नाही म्हणून त्याच दिवशी घरीही बसले असते.

"तिला कसं कळलं?"

"बटणांवर धूळ होती," काका म्हणाले. "तिनं पहिल्याच दिवशी बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग रुमाल काढला आणि बाराही बटणं पुसून टाकली."